मंडी आणि मांडी

कन्नडमध्ये गुडघ्याला ‘मंडी’ म्हणतात. बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रात सात वर्षं काढूनही हे मला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंसमोर अर्धी चड्डी घालून, एक पाय लाकडी पायरीवर आणि दुसरा अधांतरी ठेवून उभा होतो. बाईंनी सहायकाला कागदावर लिहून घ्यायला सांगितलं, ‘‘मंडी नोवु, बलगडे.’’ नोवु म्हणजे दुखणं आणि बलगडे म्हणजे उजवीकडे, एवढं कन्नड मला येतं. मी घाईघाईने दुरुस्ती केली, ‘‘मॅडम, मांडी नाही, गुडघा दुखतोय.’’

आमचं बोलणं होसूर रोडच्या भाषेत चाललं होतं. म्हणजे अर्धं हिंदी, पाव इंग्रजी आणि उरलेलं ज्याला जे येईल ते. मराठीत मांडी म्हणजे काय हे मी हाताने दाखवलं तेव्हा बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, ‘‘मग तुमचं काम सोपं झालं, सर. दुखतंय आमच्या मंडीत आणि औषध आहे तुमच्या मांडीत.’’

पुढचे आठ महिने मी या एका वाक्याचा अर्थ समजून घेत होतो.

सुरुवात झाली जानेवारी २०२५ मध्ये. तिसऱ्या रविवारी सकाळी टीव्हीवर मुंबई मॅरेथॉन लागली होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी माणसं पेडर रोडचा चढ चढताना दिसत होती आणि मी सोफ्यावर बसून पोहे खात होतो. सोमवारी ऑफिसात कळलं की चौघांनी बंगळुरूच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नावं घातली आहेत. ही शर्यत २००८ पासून होते आणि अलीकडे एप्रिलच्या अखेरीस असते. हातात तीन महिने होते. दहा किलोमीटर म्हणजे किती, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. सिल्क बोर्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा होसूर रोडवरचा उड्डाणपूल जवळजवळ तेवढाच लांब आहे. त्या पुलाखालच्या गर्दीत मी आयुष्याचे इतके तास घालवले होते, की तेवढं अंतर पळून जाणं मला एक प्रकारचा सूडच वाटला.

मराठीत उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग कपाळाला नसतं, गुडघ्याला असतं. माझं अगदी तसंच झालं. पहिले तीन आठवडे दोन-तीन किलोमीटर, एकदा कशीबशी चार, आणि मग एका रविवारी ग्रुपबरोबर थेट आठ. सर्व्हिस रोड, गटारांवरच्या हलणाऱ्या फरश्या, मध्येच आडवी येणारी कंपनीची बस. सहाव्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या मागे कोणीतरी बोट दाबून धरल्यासारखं वाटलं. थांबायला हवं होतं. पण सोबतचे पुढे चालले होते आणि पन्नाशीच्या एका काकांनी मला नुकतंच मागे टाकलं होतं. मी आठ पूर्ण केले.

दुसऱ्या दिवशी जिना चढता आला, उतरता येईना. या दुखण्याची ही खूणच आहे. दुसरी खूण ऑफिसच्या बसमध्ये सापडली. गुडघे दुमडून तासभर बसलं की वाटीभोवती सुस्त ठणका सुरू व्हायचा आणि पाय लांब केला की थांबायचा. सिनेमा पाहताना हमखास जाणवतं म्हणून डॉक्टर मंडळींनी याला थिएटरचं नाव दिलंय. ते होसूर रोडवरून कधी गेले नसावेत.

रात्री आईला फोनवर सांगितलं. सांगलीहून निदान लगेच आलं, ‘‘वाटी झिजली असेल रे. चाळिशीनंतर कशाला ती पळापळ? एरंडाचं पान तव्यावर गरम कर, तेल लाव आणि रात्री बांधून झोप.’’ इथे एरंडाचं पान कुठे मिळेल हे मला माहीत नव्हतं, पण पहिल्या वाक्याने झोप उडाली. वाटी झिजली. म्हणजे ब्रेकच्या लायनरसारखं काहीतरी संपत चाललंय, आणि मी आठ किलोमीटरांत त्यातलं बरंच उडवून टाकलंय.

गुडघा हा जणू सायकलचा टायर, वापरला की झिजतो, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. ती तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीच्या पुढच्या धावपटूंच्या आणि न धावणाऱ्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे अठरा वर्षं वरचेवर काढले. धावणाऱ्यांच्या गुडघ्यांत झीज जास्त आढळली नाही. २०१७ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात सुमारे ३.५ टक्क्यांना होता, तर बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये सुमारे १०.२ टक्क्यांना. आंतरराष्ट्रीय पातळीवर वर्षानुवर्षं धावणाऱ्या व्यावसायिकांमध्ये मात्र हा आकडा १३.३ होता. या आकड्यांवरून ‘धावल्याने संधिवात टळतो’ असा डंका पिटू नये, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, असंही असू शकतं. पण हौशी धावपटूचा गुडघा धावण्याने घासून संपतो, याला पुरावा नाही.

कारण कुर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं ते गुळगुळीत आवरण, हे रबर नाही. वाटीच्या आतल्या बाजूची कुर्चा शरीरातल्या सगळ्यात जाड कुर्चांपैकी आहे. काही ठिकाणी ती पाच मिलिमीटरांहून जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव तिच्यात शिरायला तिच्यावर दाब पडून सुटावा लागतो. ओला स्पंज दाबला, सोडला, दाबला, सोडला, तसं. पायावर भार पडणं हीच तिची न्याहारी. गुडघा जपायचा म्हणून वर्षभर खुर्चीत बसवला, तर तिला उपाशी ठेवल्यासारखंच होतं.

आणि कुर्चेत मज्जातंतूही नसतात. मग दुखतं काय?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाने ज्या रीतीने शोधलं, ते वाचून मी स्वतःचं कण्हणं काही दिवस बंद केलं. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिरोगतज्ज्ञ स्कॉट डाय यांनी स्वतःच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली. फक्त कातडी बधिर केलेली, सांध्याच्या आत भूल अजिबात नाही. सहकाऱ्याने आतला एकेक भाग सळईने दाबायचा आणि डाय यांनी शुद्धीत राहून किती दुखलं, नेमकं कुठे दुखलं ते सांगायचं. १९९८ साली हा नकाशा प्रसिद्ध झाला. वाटीच्या कुर्चेवर दाबलं तेव्हा त्यांना काहीच जाणवलं नाही. पण वाटीच्या खाली जी चरबीची छोटी गादी असते, तिला आणि सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तराला सळई लागताच असह्य कळ आली. म्हणजे ज्या कुर्चेला आपण ‘झिजली’ म्हणून शिव्या देतो, ती बिचारी मुकी आहे. बोंब मारतात ते शेजारी: अस्तर, चरबीची गादी आणि कुर्चेखालचं हाड.

डाय यांनी मांडलेली आणखी एक कल्पना मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. प्रत्येक गुडघ्याला भार पेलण्याची एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत काहीही करा, गुडघा शांत असतो. ओलांडली की अस्तर सुजतं, हाड कुरकुरतं. आणि एकदा ओलांडली की ती मर्यादाच आक्रसते. काल जो जिना आत होता, तो आज बाहेर जातो. माझ्या गुडघ्यात काही तुटलं नव्हतं. मी कुंपणाबाहेर उडी मारली होती, आणि कुंपण रागाने आत सरकलं होतं.

उडी किती मोठी होती, हे त्या वर्षीच्या जुलैत कळलं. डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांमधल्या नोंदी तपासून एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आठवड्याला किती वाढवलं, यापेक्षा एकाच दिवशी किती वाढवलं, याचा दुखापतीशी जवळचा संबंध निघाला. मागच्या तीस दिवसांतली तुमची सगळ्यात लांब धाव घ्या. त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लांब एखाद्या दिवशी पळालात की दुखापतीचा धोका स्पष्ट वाढतो, आणि दुपटीच्या पुढे गेलात तर तो दुपटीहून अधिक होतो. माझी सगळ्यात लांब धाव चार किलोमीटरची होती आणि मी आठ पळालो होतो. बरोब्बर दुप्पट. त्या अभ्यासात मी नव्हतो, पण असायला हरकत नव्हती.

फिजिओबाईंकडे जाण्याआधी मी एक चूक केली होती, तीही सांगतो. एका दवाखान्यात गेलो, तिथे पाच मिनिटांत एमआरआय लिहून मिळाला. रिपोर्टात ‘कुर्चेत दुसऱ्या श्रेणीचे बदल’ आणि ‘आतल्या गादीला बारीक चीर’ असं काहीबाही होतं. ही गादी म्हणजे मेनिस्कस, मघाची चरबीची नव्हे. मी दोन रात्री इंटरनेटवर त्या शब्दांचा पाठलाग केला. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावात पन्नास ते नव्वद वयाच्या जवळपास हजार सामान्य माणसांचे गुडघे एमआरआयने तपासले होते. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांच्या गादीला चीर होती, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्यात अजिबात दुखला नव्हता. चित्रात दिसतं तेच दुखतं असं नाही. माझ्या वयाचा डोक्याचा फोटो काढला तर पांढरे केसही दिसतील, म्हणून कोणी डोकेदुखीचं खापर त्यांच्यावर फोडत नाही. फिनलंडमध्ये तर २०१३ साली अशी झिजेने पडलेली चीर दुर्बिणीने छाटण्याची शस्त्रक्रिया आणि नुसतं नाटक केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षभराने दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली.

बाईंनी माझा रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘आधी मला तुम्ही पायरी उतरून दाखवा.’’

बोम्मसंद्रात राहणाऱ्या माणसाला यातला विरोधाभास कळेल. हे एकेकाळचं आनेकल तालुक्यातलं गाव, मग औद्योगिक वसाहत, आणि आता जगभरचे रोगी येतात असं ठिकाण. देवी शेट्टींचं हृदयरुग्णालय इथे उभं राहिलं आणि त्याच्या आवारात इतर रुग्णालयं आली. त्यांतल्याच एका अस्थिरुग्णालयात, स्पर्शमध्ये, नोव्हेंबर २००७ मध्ये डॉ. शरण पाटील आणि त्यांच्या तीसहून अधिक सहकाऱ्यांनी बिहारच्या दोन वर्षांच्या लक्ष्मी तात्मावर सत्तावीस तास शस्त्रक्रिया केली होती. चार हात, चार पाय घेऊन जन्मलेली ती मुलगी. हाडं, सांधे, मणका यांच्या बाबतीत माणूस काय करू शकतो, त्याची ती हद्द होती. त्याच गावात माझ्या गुडघ्याच्या वाट्याला आली एक लाकडी पायरी, एक उंच आरसा आणि रबराचा पिवळा पट्टा.

पायरी वीतभर उंच होती. उजव्या पायावर उभं राहून डाव्या पायाची टाच हळूहळू खाली जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर यायचं, एवढंच. बाईंनी माझ्या वाटीच्या मधोमध चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. ‘‘आता आरशात बघा. हा तुकडा पायाच्या दुसऱ्या बोटावर राहायला हवा.’’ पहिल्या दोन इंचांत राहिला. मग गुडघा थरथरला आणि तुकडा आत, डाव्या पायाकडे झुकला. उजवा खुबा बाहेर लटकला, कंबर एका बाजूला कलली. दारूच्या नशेतला माणूस तोल सावरतो, तसं काहीतरी आरशात दिसत होतं. आणि हेच मी प्रत्येक किलोमीटरला प्रत्येक पायावर पाचशेच्या आसपास वेळा करत होतो, तेही शरीराच्या वजनाच्या अडीच पट धक्का जमिनीकडून परत घेत.

पूर्वी असं समजत की वाटी तिच्या खाचेतून बाहेर सरकते. उभ्याने, भार असताना हालचालीचे एमआरआय काढल्यावर वेगळंच दिसलं. वाटी बऱ्यापैकी जागेवर असते. खालचं मांडीचं हाडच आतल्या बाजूला वळतं. वरवंटा धरलेला आहे आणि पाटाच खालून फिरतोय. मग कितीही वरवंटा चोळा, पाटा स्थिर करायला हवा. मांडीचं हाड वळू न देण्याचं काम करतात खुब्याच्या बाजूचे आणि नितंबांचे स्नायू, आणि उतरतानाचा भार झेलतात मांडीच्या पुढचे. रोज दहा तास खुर्चीवर बसून मी या सगळ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं होतं. मंडीतलं दुखणं आणि मांडीतलं औषध म्हणजे हे.

घरी करायला दिलेली यादी लाज वाटावी इतकी साधी होती. भिंतीला पाठ टेकवून अदृश्य खुर्चीवर पंचेचाळीस सेकंद बसणं, पाच वेळा. कुशीवर पडून वरचा पाय उचलणं. घोट्यांभोवती पट्टा घालून खेकड्यासारखं आडवं चालणं. खुर्चीवरून एका पायावर उठणं. टाचा उंचावणं, कारण पोटरी धावताना जेवढा भार उचलते तेवढा कोणीच उचलत नाही आणि तिची आठवण कोणालाच नसते. आठवड्यातून तीन दिवस, आणि निदान बारा आठवडे. ‘‘सहाव्या आठवड्याला तुम्ही सोडाल,’’ बाई म्हणाल्या, ‘‘सगळे सोडतात. तेव्हा दुखायचं थांबलेलं असतं.’’ फक्त गुडघ्याचे व्यायाम करण्यापेक्षा खुबा आणि गुडघा दोन्हीचे केले तर गुण जास्त येतो, हे जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून मान्य केलेलं आहे. वाटीवर पट्टी चिकटवणं, बुटात सोल घालणं याने पहिल्या काही आठवड्यांत आराम पडतो. नीकॅप घालून धीर येतो. महागड्या बुटांबद्दल दुकानदार जितक्या खात्रीने बोलतो, तितक्या खात्रीने विज्ञान बोलत नाही.

शेक की बर्फ, हा आईचा आणि माझा वाद बरेच दिवस चालला. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, ही चतुःसूत्री अमेरिकेचे डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली रूढ केली. त्याच मर्किन यांनी २०१४ साली जाहीर कबुली दिली की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं, कारण सुरुवातीची सूज हाही दुरुस्तीचाच भाग असतो. बर्फाने कळ मरते, शेकाने स्नायू सैल पडतात. जे बरं वाटेल ते करावं. फक्त त्याला इलाज समजू नये. आईला मी एवढंच सांगितलं की एरंडाचं पान चालेल. ती खूश झाली. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं मात्र कधीही करू नये. गोळीने कुंपणाची तार दिसेनाशी होते, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडालाही जड जाते.

मग पुन्हा धावायचं कधी? मला वाटलं होतं, दुखणं शून्यावर आल्यावर. बाईंनी वेगळा हिशेब शिकवला. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. करताना दोनपर्यंत असलं तर बिनधास्त करा. तीन ते पाच असलं तर सावध राहा. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर काल जास्त झालं. तेवढंच किंवा कमी असेल, तर चाललंय ते ठीक. दुखणं म्हणजे प्रत्येक वेळी नुकसान नव्हे, हे पटायला मला फार वेळ लागला. पहिले काही आठवडे मी बारीकशा कळेलाही घाबरून बसून राहत होतो आणि त्याने मांडी आणखी दुबळी होत होती.

एप्रिलची शर्यत मी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवत पाहिली. मेमध्ये धावणं सुरू झालं: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दहा वेळा. हेब्बगोडीच्या तळ्याच्या बाजूला मी हे करायचो. बायोकॉन कंपनीच्या फाउंडेशनने हे मेलेलं तळं तरंगत्या वनस्पतींच्या वाफ्यांनी पुन्हा जिवंत केलं आहे. त्याला बरं व्हायलाही काही एका पावसाळ्यात जमलं नव्हतं, एवढाच दिलासा. सर्व्हिस रोड मी सोडला. तो पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरता असतो, आणि रोज त्याच दिशेने पळालं की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो.

पावलांची गतीही बदलली. मिनिटाला माझी १५८ पावलं पडत होती, लांब-लांब ढांगांची. ढांग लांब म्हणजे पाय शरीराच्या पुढे, सरळ गुडघ्याने आपटणार. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की वेग तोच ठेवून पावलांची संख्या नुसती पाच-दहा टक्क्यांनी वाढवली, तरी गुडघ्यावरचा भार लक्षणीय उतरतो. मी १६८ वर आणली. पहिले दोन आठवडे आपण भाजलेल्या वाळूवरून चाललोय असं वाटायचं. नंतर सवय झाली.

आणि तरीही मी पाचव्या आठवड्यात माती खाल्ली. एक सकाळ छान गार होती, ढग होते, पाय हलके वाटत होते, आणि बाशिंग पुन्हा गुडघ्यावर चढलं. दोन किलोमीटरांवरून एकदम पाच. तीन दिवस कठडा धरून जिना उतरलो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वहीत फक्त दोन आठवडे मागची तारीख लिहिली.

हे सगळं वाटीमागच्या दुखण्याचं झालं, आणि धावणाऱ्यांत तेच सर्वाधिक आढळतं. व्हँकूवरमध्ये २००२ धावपटूंच्या दुखापतींची नोंद झाली तेव्हा त्यांतल्या ४२ टक्के गुडघ्याच्या होत्या आणि त्यांत हीच पहिल्या क्रमांकावर होती. दुसरी आढळते ती गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला. अमुक एक किलोमीटर आला की सुरी खुपसल्यासारखी कळ, उतारावर जास्त, थांबलं की गायब. खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा एक जाड पट्टा तिथल्या चरबीला हाडावर दाबतो. तो पट्टा ताणून लांब होत नाही, त्यामुळे त्यावर रूळ फिरवत बसण्यापेक्षा पुन्हा खुब्याचाच व्यायाम उपयोगी.

पण काही गुडघे या लेखाच्या हद्दीबाहेरचे असतात. जुलै २०२५ मध्ये मी रबराच्या पट्ट्याशी झुंजत असताना मोनॅकोहून बातमी आली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसच्या पाण्याच्या अडथळ्याशी पडला होता. ज्याने आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, ज्याच्याकडे आशियाई सुवर्ण आहे, त्याच्या गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाणी ओलांडायचं असतं. एकच पाऊल चुकलं. तिथे अतिवापर नव्हता, अपघात होता, आणि अशा वेळी सर्जनच लागतो. पण शस्त्रक्रियेनंतरही निदान नऊ महिने तोच अभ्यास: मांडी, खुबा, पोटरी, एका पायावर उडी. नऊ महिन्यांआधी मैदानात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलेलं आहे. ऑलिंपिकची अंतिम फेरी धावलेल्या माणसालाही वहीतली तारीख ओलांडता येत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. पडताना किंवा वळताना ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा फुगला, पायावर भार देता येत नाही, गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो, रात्री झोपेत दुखून जाग येते, ताप आहे आणि सांधा गरम लागतो, किंवा पोटरी सुजून दुखते आहे, तर ना पट्टा, ना पान. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

१० ऑगस्टला आमच्याकडे मेट्रो आली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, एकोणीस किलोमीटर. सुरुवातीला गाड्या कमी होत्या. एक चुकली की पुढची पंचवीस मिनिटांनी, त्यामुळे माणसं जिन्यावरून धावत सुटायची. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी मी शेवटच्या स्थानकावर उतरलो. सरकत्या जिन्याला रांग होती म्हणून साध्या जिन्याने निघालो. खाली रिक्षावाल्याशी भाव करायला लागल्यावर ध्यानात आलं, की सगळा जिना उतरताना कठडा धरला नव्हता आणि गुडघ्याची आठवणही झाली नव्हती.

पुढच्या एप्रिलचा अर्ज अजून भरलेला नाही. मागच्या महिन्यातली सगळ्यात लांब धाव सात किलोमीटरची आहे. येत्या रविवारी साडेसात.